शब्दामागे अर्धा सेंट: पल्प मासिकांमधल्या अंतराळकथा कशा घडल्या

ऑगस्ट १९२८ च्या 'अमेझिंग स्टोरीज' या अमेरिकन मासिकाचं कव्हर नेटवर सहज सापडतं, एकदा बघाच. लाल पोशाखातला एक माणूस, विमान नाही, फुगा नाही, पंख नाहीत, तसाच हवेत तरंगतोय. खूप जणांना वाटतं हा बक रॉजर्स, म्हणजे पुढे कॉमिक्समधून गाजलेला अंतराळातला हिरो. वाटणं साहजिक आहे, कारण बक रॉजर्सची पहिली गोष्ट याच अंकात छापून आली (तेव्हा त्याचं नाव अँथनी रॉजर्स होतं, 'बक' नंतर चिकटलं), पण चित्र मात्र दुसऱ्या गोष्टीचं आहे, ई. ई. स्मिथच्या 'द स्कायलार्क ऑफ स्पेस'चं. म्हणजे पंचवीस सेंटच्या एका अंकात दोन अशा गोष्टी, की आज आपण सिनेमात जी स्पेसशिपांची युद्धं, किरण सोडणाऱ्या बंदुका, ताऱ्यांमधले पाठलाग बघतो त्यातलं कितीतरी त्यांच्यापर्यंत मागे नेता येतं.

या गोष्टी आज वाचायला घेतल्या की पहिल्या दहा पानांत प्रश्न पडतो, की हे असं का लिहिलंय? एवढी घाई कशाची, दर चार पानांनी कोणीतरी पळवलं का जातं, हिरो प्रत्येक वेळी ऐनवेळी नवीन यंत्र कसं काय शोधतो, आणि मंगळावर सगळीकडे कालवे आणि पडकी शहरं का? माझं मत असं आहे की याची उत्तरं लेखकांच्या डोक्यात कमी आणि त्यांच्या आजूबाजूला जास्त सापडतात. कागद कसला होता, पैसे कसे मिळत होते, त्या वेळचं खगोलशास्त्र काय सांगत होतं आणि वाचणारे कोण होते, या चार गोष्टी कळल्या की सगळं उलगडत जातं, आणि मग या लेखकांबद्दल वाटणारा आदर वाढतो.

आधी कागद. फ्रँक मन्सी नावाच्या प्रकाशकाने १८९६ मध्ये आपलं 'आर्गोसी' मासिक पूर्ण गोष्टींचं केलं आणि ते सगळ्यात स्वस्त कागदावर छापायला सुरुवात केली. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे पल्पचा, त्यावरूनच हे नाव पडलं. लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य त्यातून काढलेलं नसायचं, त्यामुळे हवा आणि उजेड लागला की पानं पिवळी, मग तपकिरी, मग हात लावला की तुकडे. कडा बऱ्याचदा कापलेल्या नसायच्या. आकार साधारण सात इंच बाय दहा इंच. आतलं सगळं असं, पण कव्हर मात्र गुळगुळीत आणि भडक रंगांत, कारण स्टॉलवर डझनावारी मासिकं शेजारी शेजारी लटकत असायची आणि गिऱ्हाईक कव्हर बघूनच हात पुढे करायचं. आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या रहस्यकथांच्या पुस्तकांचं जे होतं तेच तिकडे या मासिकांचं होतं, प्रवासात वाचायची, दुसऱ्याला द्यायची, शेवटी रद्दीत. जपून ठेवण्यासाठी ती बनवलेलीच नव्हती.

आता पैसे. लेखकाला शब्दाच्या हिशोबाने पैसे मिळायचे. बऱ्याच ठिकाणी शब्दामागे अर्धा सेंट, चांगल्या मासिकात एक सेंट. अर्ध्या सेंटने सहा हजार शब्दांच्या गोष्टीचे होतात तीस डॉलर. आणि ते वेळेवर मिळतीलच असंही नाही. भयकथा लिहिणाऱ्या एच. पी. लव्हक्राफ्टची 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही सुमारे बारा हजार शब्दांची कथा १९२७ मध्ये 'अमेझिंग'मध्ये आली, आज ती अभिजात मानली जाते, तिचे त्याला मिळाले पंचवीस डॉलर. शब्दामागे सेंटचा पाचवा हिस्सा! यावर पोट भरायचं तर काय करावं लागेल विचार करा. एकदाच लिहायचं, परत वाचत बसायचं नाही, टाइपरायटरमधून कागद काढला की पाकिटात घालायचा. वाक्यं लांब, विशेषणं भरपूर, कारण प्रत्येक शब्दाचे पैसे आहेत. प्रकरण संपताना हिरो दरीच्या कडेला लोंबकळत ठेवायचा, कारण गोष्ट क्रमशः आहे आणि वाचकाने पुढचा अंक घ्यायला हवा. आणि हिरोला मारायचं नाही, कारण लोकांना आवडला तर याच माणसावर आणखी पाच गोष्टी विकता येतात. आज ज्याला आपण त्या लेखनातले दोष म्हणतो त्यातले निम्मे तरी मानधनाच्या पद्धतीतून आलेत.

मासिकं कशी जन्माला यायची याचाही एक किस्सा सांगतो. 'अस्टाउंडिंग' हे पुढे विज्ञानकथेचं सगळ्यात मोठं मासिक झालं, त्याचा पहिला अंक जानेवारी १९३० चा. त्याचे पहिले संपादक हॅरी बेट्स यांनी नंतर सांगितलं की त्यांचे मालक विल्यम क्लेटन यांच्याकडे मासिकांची कव्हरं एका मोठ्या शीटवर एकदम छापली जायची, सोळा जागांचं शीट, आणि मासिकं होती तेरा. तीन जागा कोऱ्या जायच्या, कागद फुकट. त्या जागा भरायला नवीन मासिकं काढायची ठरली, आणि त्यातून हे एक निघालं. क्लेटन पैसे मात्र चांगले द्यायचे, शब्दामागे दोन सेंट आणि तेही गोष्ट स्वीकारली की लगेच, त्यामुळे हाणामारीच्या गोष्टी लिहिण्यात तरबेज असलेले लेखक तिकडे वळले आणि मंगळावरच्या मारामाऱ्या वाढल्या.

पण या सगळ्याच्या आधी एक माणूस येऊन गेला होता, एडगर राइस बरोज. वय पस्तिशीच्या पुढे, एकामागून एक धंदे बसलेले, पेन्सिलींच्या शार्पनरच्या विक्रीचं काम, घरी बायकापोरं. पल्प मासिकांतल्या जाहिराती तपासायला म्हणून तो ती मासिकं चाळायचा, आणि त्यातल्या गोष्टी वाचून त्याला वाटलं की असलं तर मीही लिहू शकतो. मंगळावरची एक लांबलचक गोष्ट लिहिली, फेब्रुवारी ते जुलै १९१२ या काळात ती 'ऑल-स्टोरी'मध्ये क्रमशः आली, चारशे डॉलर मिळाले. लोक आपल्याला वेडा म्हणतील या भीतीने त्याने 'नॉर्मल बीन' असं टोपणनाव दिलं होतं, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला माणूस, आणि छापताना ते 'नॉर्मन बीन' झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची टारझनची पहिली कादंबरी त्याच मासिकात आली. पुढे मंगळाची गोष्ट 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावाने पुस्तक झाली.

या गोष्टीत स्पेसशिपने प्रवास होतच नाही. जॉन कार्टर हा अमेरिकन यादवी युद्धातला माजी कॅप्टन ॲरिझोनातल्या एका गुहेत अडकतो, बाहेर येऊन आकाशातल्या लाल ग्रहाकडे बघतो, त्याची ओढ लागते आणि पुढच्या क्षणी तो तिथे असतो. बास, एवढंच. यंत्र कुठलं, इंधन कुठलं, काही नाही. तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून तो पाऊल टाकायला जातो आणि उंच उडून आपटतो, मग हळूहळू त्याला कळतं की ही उडी आपलं हत्यार आहे. हा भाग आजही वाचताना मजा येते, कारण एक साधं वैज्ञानिक सत्य घेऊन त्यातून हिरोची ताकद काढलीय. तलवारी, हिरवे चार हातांचे योद्धे, राजकन्या हे सगळं त्यावर रचलेलं आहे.

मंगळावर कालवे आणि मरायला टेकलेली संस्कृती का, तर ते बरोजच्या मनाचं नव्हतं, त्या काळच्या खगोलशास्त्रातूनच आलेलं होतं. पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत अमेरिकनाने १८९४ मध्ये ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथे स्वतःची वेधशाळा बांधली, मंगळावर सरळ रेषा दिसतात असं तो म्हणायचा, आणि त्या रेषा म्हणजे सुकत चाललेल्या ग्रहावरच्या हुशार लोकांनी ध्रुवावरचं पाणी आणायला खोदलेले कालवे आहेत असं त्याने पुस्तकं लिहून मांडलं. बाकीच्या अनेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं, पण वर्तमानपत्रांना आणि लोकांना फार आवडलं. शिवाय एक सर्वसाधारण समज होता की सूर्यापासून लांबचे ग्रह आधी थंड झाले, म्हणून मंगळ म्हातारा, पृथ्वी मध्यमवयीन आणि शुक्र तरुण. शुक्रावर सतत ढग दिसतात, ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे दलदल, दलदल म्हणजे जंगलं आणि राक्षसी सरडे. त्यामुळे पल्पमध्ये मंगळ म्हणजे वाळवंट, पडकी शहरं, विसरलेलं ज्ञान, आणि शुक्र म्हणजे चिखल, पाऊस, जनावरं, हा नकाशा पक्का झाला आणि कितीतरी लेखक तोच नकाशा वापरत राहिले. १९६२ मध्ये मरिनर २ हे अमेरिकन यान शुक्राजवळून गेलं तेव्हा कळलं की तो भट्टीसारखा तापलेला आहे, आणि जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ ने मंगळाचे जे थोडे फोटो पाठवले त्यात खड्डेच खड्डे, कालवा एकही नाही. तोपर्यंत पल्प मासिकं जवळजवळ सगळी बंद झाली होती.

आता ह्यूगो गर्न्सबॅक. लक्झेंबर्गमध्ये जन्म, १९०४ मध्ये अमेरिकेत आला, रेडिओचे सुटे भाग विकायचा धंदा केला, मग विजेची आणि रेडिओची मासिकं काढली, त्यात मधूनमधून गोष्टी छापायचा. एप्रिल १९२६ मध्ये त्याने फक्त विज्ञानकथांचं पहिलं इंग्रजी मासिक काढलं, तेच 'अमेझिंग स्टोरीज'. त्याला मनापासून वाटायचं की गोष्टीतून पोरांना विज्ञान शिकवता येतं आणि त्यातूनच उद्याचे संशोधक तयार होतील. सुरुवातीचे अंक त्याने व्हर्न, वेल्स, पो यांच्या जुन्या गोष्टी परत छापून भरले. चित्रकार फ्रँक पॉल त्याचा हुकमी माणूस, त्याच्या चित्रांतली माणसं जरा लाकडी असतात पण यंत्रं आणि शहरं बघत बसावी अशी.

लेखकांना पैसे देण्याच्या बाबतीत मात्र गर्न्सबॅकचं नाव वाईट होतं, काहींना कोर्टात जावं लागलं, लव्हक्राफ्ट त्याला पत्रांत 'उंदीर' म्हणायचा. १९२९ च्या सुरुवातीला त्याच्या कंपनीचं दिवाळं निघालं आणि 'अमेझिंग' हातातून गेलं, तरी काही महिन्यांत तो 'सायन्स वंडर स्टोरीज' घेऊन परत उभा राहिला. या नावाचा एक चांगला परिणाम झाला. ब्रुकलिनमध्ये एका छोट्या दुकानदाराचा नऊ वर्षांचा मुलगा होता, वडील त्याला दुकानातली पल्प मासिकं वाचू देत नसत, कचरा म्हणायचे. या मासिकाच्या नावात 'सायन्स' बघून वडिलांनी परवानगी दिली. तो मुलगा म्हणजे पुढचा मोठा विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह.

गर्न्सबॅकने आणखी एक काम केलं ज्याचं महत्त्व मला त्याच्या सगळ्या भविष्यवाण्यांपेक्षा जास्त वाटतं. वाचकांची पत्रं तो छापायचा, पूर्ण नाव-पत्त्यासकट. त्यामुळे खेड्यापाड्यात, लहान शहरात एकटंच हे सगळं वाचणाऱ्या पोरांना कळलं की आपल्यासारखे अजून आहेत, मग ती एकमेकांना पत्रं लिहायला लागली, क्लब झाले, सायक्लोस्टाइल केलेली हौशी पत्रकं निघाली, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. पुढच्या पिढीतले किती लेखक आणि संपादक या पत्रांच्या पानांतून वर आले याला गणती नाही.

आता परत त्या ऑगस्ट १९२८ च्या अंकाकडे, कारण स्मिथबद्दल नीट बोलायलाच हवं. एडवर्ड एल्मर स्मिथ हा केमिस्ट्रीतला डॉक्टरेट, नोकरी खाद्यपदार्थांच्या क्षेत्रात, डोनटच्या पिठाची मिश्रणं हा त्याचा विषय. 'स्कायलार्क' त्याने १९१५ मध्ये लिहायला घेतली. प्रेमाचे संवाद आपल्याला जमणार नाहीत असं वाटल्याने मित्राची बायको ली हॉकिन्स गार्बी हिने ते भाग लिहायला मदत केली, म्हणून पहिल्यांदा छापताना तिचंही नाव होतं. १९२० च्या सुमारास पूर्ण झाली आणि मग कित्येक वर्षं प्रत्येक ठिकाणाहून नकार. शेवटी 'अमेझिंग'ने घेतली, एकशे पंचवीस डॉलरला, पूर्ण कादंबरीचे.

सुरुवातच बघा. वॉशिंग्टनमधल्या सरकारी लॅबमध्ये रिचर्ड सीटन एका अनोळखी धातूच्या द्रावणावर काम करतोय, तांब्याचं जड भांडं आहे, आणि अचानक ते भांडं त्याच्या हाताखालून सुटतं आणि उघड्या खिडकीतून सरळ रेषेत आकाशात निघून जातं. सहकाऱ्यांना तो सांगायला जातो तर कोणी विश्वास ठेवत नाही. तांब्याच्या अणूतली सगळी ऊर्जा मोकळी झालीय हे त्याला कळतं, आणि मग श्रीमंत मित्राच्या पैशांतून चाळीस फूट व्यासाचं गोल यान तयार होतं. दुसऱ्या बाजूला ड्युकेन नावाचा खलनायक आहे, तोही हुशार केमिस्ट, तो दुसरं यान बांधतो, सीटनच्या होणाऱ्या बायकोला, डोरोथीला, पळवतो, झटापटीत यान सुसाट सुटतं आणि सगळे सूर्यमालेच्या कितीतरी बाहेर जाऊन पडतात. प्रकाशापेक्षा जास्त वेग झाला, मग असा वेग शक्य नाही म्हणणाऱ्या आइन्स्टाइनचं काय? सीटनचं उत्तर साधारण असं, की तो सिद्धांत आहे आणि आपण कापलेलं अंतर डोळ्यासमोर आहे. विषय संपला, गोष्ट पुढे!

यात नवीन काय होतं ते लक्षात घ्या. त्याआधी बहुतेक प्रवास चंद्र, मंगळ, फार तर शनीपर्यंत. स्मिथने कुंपणच तोडलं, सूर्यमाला मागे टाकून दुसऱ्या ताऱ्यांकडे गेला. आणि वेळही अशी जुळली की गोष्ट छापून येईपर्यंत खगोलशास्त्रानेच विश्व अवाढव्य करून ठेवलं होतं, खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२४-२५ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की देवयानी तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे. एवढं मोठं विश्व लोकांना नुकतंच कळलेलं आणि त्यात फिरवून आणणारा लेखक समोर हजर. पुढे १९३७ पासून 'अस्टाउंडिंग'मध्ये त्याच्या लेन्समनच्या मालिकेने दोन दीर्घिकांमधलं युद्ध, ताऱ्या-ताऱ्यांतले पोलीस, ग्रह उचलून शत्रूवर आपटणं, इथपर्यंत मजल मारली. प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठं हत्यार लागायचं, कारण आधीचं वाचकाने पाहिलेलं असायचं. माणसांचे स्वभाव त्यात पातळ आहेत, संवाद तर आज वाचवत नाहीत, पण भव्यतेचा जो अनुभव तो देतो तो त्या काळात दुसरं कोणी फारसं देत नव्हतं.

एडमंड हॅमिल्टन मात्र त्याच वेळी 'वियर्ड टेल्स'मध्ये हेच करत होता. त्याची 'क्रॅशिंग सन्स' ऑगस्ट-सप्टेंबर १९२८ मधली, दुसरा तारा आपल्या सूर्यावर येऊन आदळणार आणि तो कोणीतरी मुद्दाम आणतंय, ही त्यातली कल्पना. तो इतक्या वेळा ग्रहतारे उडवायचा की चाहत्यांनी त्याचं नाव 'वर्ल्ड रेकर', म्हणजे जगं उद्ध्वस्त करणारा, असं ठेवलं. जॅक विल्यमसन सात-आठ वर्षांचा असताना घरच्यांबरोबर छप्परवाल्या घोडागाडीतून न्यू मेक्सिकोला आला, वीस वर्षांचा असताना पहिली गोष्ट 'अमेझिंग'मध्ये छापून आली, आणि त्याने एकविसावं शतक उजाडेपर्यंत लिहिलं. ग्रहाला राहण्यालायक बनवण्याला आज शास्त्रज्ञही 'टेराफॉर्मिंग' म्हणतात, तो शब्द त्याच्या १९४२ च्या कथेतला.

एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. या गोष्टींमध्ये वंशद्वेष उघड उघड आहे. फिलिप नोलनच्या त्या अँथनी रॉजर्सच्या गोष्टीत अमेरिकेवर राज्य करणारे शत्रू 'हान' म्हणजे आशियाई लोक आहेत आणि तिच्या पुढच्या भागात त्यांचा नायनाट हाच शेवट आहे. त्या काळात अमेरिकेत चिनी-जपानी लोकांबद्दल जी भीती आणि चीड होती ती जशीच्या तशी पानावर उतरली. आणि सीटनची डोरोथी असो की बरोजची राजकन्या, बायका पळवल्या जायला असतात. गोष्टींवर प्रेम असणाऱ्यानेच हे आधी सांगायला हवं असं मला वाटतं.

आणि म्हणूनच पुढचे तीन लेखक मला सगळ्यात जवळचे आहेत, कारण त्यांनी याच स्वस्त कागदावर, याच दरात, वेगळं काहीतरी केलं.

पहिला स्टॅन्ली वाइनबॉम. जुलै १९३४ च्या 'वंडर स्टोरीज'मध्ये त्याची 'अ मार्शियन ओडिसी' आली. तोवर परग्रहावरचे जीव म्हणजे एकतर राक्षस नाहीतर रंग लावलेली माणसं. वाइनबॉमचा ट्वील हा शहामृगासारखा दिसणारा मंगळावरचा प्राणी, हुशार, विनोदी, मित्र होणारा, पण त्याचं डोकं आपल्यासारखं चालतच नाही. जार्विस नावाचा केमिस्ट वाळूत सूर्य आणि ग्रह काढून दाखवतो, ते ट्वीलला कळतं. बेरीज कळते. शब्द मात्र जुळत नाहीत, कारण एकाच दगडाला ट्वील दर वेळी वेगळं काही म्हणतो. तरी चार-सहा शब्द आणि दोन बेरजांवर दोघांचं बोलणं चालतं. वाटेत एक वालुकेचा, म्हणजे सिलिकाचा जीव भेटतो, दर दहा मिनिटांनी एक वीट बाहेर टाकतो, ती स्वतःभोवती रचतो, पिरॅमिड पूर्ण झाला की फोडून पुढे सरकतो आणि परत सुरू, लाखो वर्षं. त्याच्याबद्दल ट्वील सांगतो, 'नो वन-वन-टू', म्हणजे याला एक अधिक एक दोन एवढंही कळत नाही, बुद्धी नाही. मग पिंपासारखे जीव भेटतात, त्यांच्याबद्दल म्हणतो 'वन-वन-टू' हो, 'टू-टू-फोर' नाही, म्हणजे अक्कल आहे पण थोडीच. दोन बेरजांत एवढं सांगून टाकणं, हे लेखनातलं कसब आहे हो! वाइनबॉम डिसेंबर १९३५ मध्ये कॅन्सरने गेला, वय फक्त ३३. पहिल्या विज्ञानकथेनंतर दीड वर्ष मिळालं त्याला.

दुसरी कॅथरीन लुसिल मूर. मंदीचे दिवस, इंडियानापोलिसमधल्या एका बँकेत नोकरी. जास्तीची कमाई आहे हे बँकेत कळलं तर नोकरी जाईल या भीतीने तिने 'सी. एल. मूर' एवढंच नाव दिलं (लोक समजतात बाई असल्याचं लपवायला, पण तिचं म्हणणं वेगळं होतं). बँकेत टायपिंगचा सराव करताना अर्धवट आठवणाऱ्या कवितेच्या ओळी कागदावर उमटल्या, लाल कपड्यातली पळणारी आकृती, आणि तिथूनच ती गोष्टीत शिरली. नोव्हेंबर १९३३ च्या 'वियर्ड टेल्स'मधली 'शॅम्ब्लो'. मंगळावरच्या एका गावात जमाव एका मुलीच्या मागे लागलाय, नॉर्थवेस्ट स्मिथ हा स्मगलर बंदूक काढून तिला वाचवतो, खोलीवर नेतो. तिच्या डोक्यावरच्या लाल फेट्याखाली केस नसतात, वळवळणारं काहीतरी असतं. ती त्याचं आयुष्य शोषते आणि त्यात त्याला भयंकर सुख मिळतं, तो स्वतः सुटू शकत नाही, त्याचा शुक्रावरचा मित्र यारोल आरशात बघून नेम धरतो आणि सोडवतो. शेवटी यारोल वचन मागतो, की परत असली कोणी दिसली तर बघताक्षणी मारशील. आणि हा पल्पमधला कणखर बंदूकबाज हिरो बराच वेळ गप्प राहून, आवाज थरथरत म्हणतो, प्रयत्न करीन. १९३३ मध्ये हिरोला असं दुबळं दाखवणं, त्याच्या इच्छेबद्दल असं लिहिणं! हेन्री कटनर या दुसऱ्या पल्प लेखकाने या गोष्टी वाचून 'मिस्टर मूर' यांना चाहत्याचं पत्र लिहिलं, मग खरं काय ते कळलं, आणि १९४० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि पुढचं बरंचसं लेखन एकत्र केलं.

तिसरी ली ब्रॅकेट, पहिली गोष्ट १९४० ची. तिचं खरं घर म्हणजे 'प्लॅनेट स्टोरीज' (१९३९ ते १९५५), ज्यात निव्वळ ग्रहांवरची साहसं छापली जायची आणि शहाणे लोक नाक मुरडायचे. तिने तोच लॉवेलचा, बरोजचा मंगळ घेतला, पण पृथ्वीवरून आलेल्या कंपन्या तिथल्या लोकांचं काय करतात हे दाखवलं, त्यामुळे तिचा हिरो बऱ्याचदा स्थानिकांच्या बाजूला असतो, आपल्याच लोकांविरुद्ध. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने तिची डिटेक्टिव्ह कादंबरी वाचून पटकथेसाठी बोलावलं, पुरुष समजून. तेव्हा तिची एक मंगळ-शुक्र धर्तीची लांब गोष्ट अर्धवट होती, ती तिने एका तरुण मित्राकडे पूर्ण करायला दिली, तो पुढे प्रसिद्ध लेखक झालेला रे ब्रॅडबरी. १९४६ च्या शेवटच्या दिवशी तिने एडमंड हॅमिल्टनशी लग्न केलं. आणि 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या पटकथेचा पहिला खर्डा तिने लिहिला, मार्च १९७८ मध्ये ती गेली, सिनेमा १९८० मध्ये आला.

गोष्टींतून खरी रॉकेटं निघाली का? या प्रश्नाला थेट उत्तर आहे. गर्न्सबॅकच्या मासिकाचा संपादक डेव्हिड लॅसर आणि त्याचे काही लेखक यांनी एप्रिल १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'अमेरिकन इंटरप्लॅनेटरी सोसायटी' काढली. गोष्टी लिहिणारे लोक, हातात पैसा नाही, आणि रॉकेट बनवायला निघाले. मे १९३३ मध्ये स्टेटन आयलंडवरून त्यांचं एक रॉकेट काही शे फूट वर गेलं. पुढे तिचं नाव 'अमेरिकन रॉकेट सोसायटी' झालं, त्यातल्या चौघांनी १९४१ मध्ये 'रिॲक्शन मोटर्स' कंपनी काढली, आणि १४ ऑक्टोबर १९४७ ला वैमानिक चक येगरचं बेल एक्स-१ विमान ध्वनीच्या वेगापुढे गेलं ते याच कंपनीच्या इंजिनावर. लॅसरचं १९३१ चं अंतराळप्रवासावरचं पुस्तक इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलाच्या हाती लागलं होतं, तो पुढे विज्ञानकथालेखक झालेला आर्थर सी. क्लार्क. आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन लहानपणी बरोज वाचून मंगळाकडे हात पसरून उभा राहायचा.

शेवट कसा झाला, तर १९३७ च्या अखेरीस जॉन कॅम्पबेल 'अस्टाउंडिंग'चा संपादक झाला आणि त्याने लेखकांकडून जास्त विचार आणि कमी मारामारी मागायला सुरुवात केली. मग युद्धात कागदटंचाई आली, युद्धानंतर पॉकेटबुकं, कॉमिक्स आणि टीव्ही, आणि पन्नासच्या दशकात पल्प आकाराची मासिकं एकेक करून बंद पडली किंवा लहान आकारात गेली.

वाचायचं असेल तर सुरुवात वाइनबॉमच्या 'अ मार्शियन ओडिसी'पासून करा, तासाभरात वाचून होते. मग 'शॅम्ब्लो', मग ब्रॅकेटची 'प्लॅनेट स्टोरीज'मधली कुठलीही. 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना द्यायला चांगली, फक्त त्यातले काळाचे डाग आधी बोलून घ्या. 'स्कायलार्क' सगळ्यात शेवटी, आणि त्यातले प्रेमाचे संवाद भरभर उलटले तरी चालतील. 'ओडिसी', 'प्रिन्सेस', 'स्कायलार्क' आणि ब्रॅकेटच्या बऱ्याच गोष्टी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, आणि इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या अंकांचे स्कॅन मिळतात. शक्य असेल तर स्कॅनच उघडा, म्हणजे गोष्टीच्या आजूबाजूच्या जाहिराती, पॉलची चित्रं आणि मागची वाचकांची पत्रं पण वाचायला मिळतील.